भिवराआऊनं हैबतीला दिलेली शिक्षा

फार वर्षांपूर्वी, आपल्या घाटात गाडीरस्ता नव्हता आणि तालुक्याला कोर्टही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. घारगडाच्या पायथ्याच्या गावांचा न्याय भिवराआऊ करायची. नवरा लढाईत पडला आणि देशमुखी तिच्याकडे आली. चिंचेखाली घोंगडी टाकून ती बसायची. ती बोलायला लागली की चिंचेवरची पाखरंसुद्धा गप्प व्हायची, असं म्हणतात. आता ती चिंचही नाही.

त्या काळी घाटात हैबती नावाचा वाटमाऱ्या होता. पहिल्यांदा सापडला, तेव्हा आऊनं त्याला वर्षभर गडावरच्या कोठडीत ठेवलं. दुसऱ्यांदा सापडला, तेव्हा पाच वर्षं. सुटला, आणि पुन्हा घाटात गेला. या खेपेला त्यानं धोंडू कासाराला लुटलं आणि दरीत ढकलून दिलं. धोंडू जागीच गेला. त्याच्या बांगड्यांच्या काचा कितीतरी दिवस उन्हात चमकत होत्या.

हैबतीला धरून आणलं. सगळी गावं चिंचेखाली लोटली. "कडेलोट करा!" एकच ओरडा उठला.

आऊनं धोंडूच्या बायकोला, गोंदाला, जवळ बसवलं. "तुझं काय म्हणणं हाय, लेकी?"

"ह्यो मेल्यानं माझा धनी माघारी येतोय व्हय?" गोंदा म्हणाली. "पर आऊ, ह्यो पुन्ना सुटला, तर मी बांगड्या घिऊन घाटातनं जायाचं कसं?"

आऊनं गोंदाच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठली आणि म्हणाली, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गड चढून गेली आणि किल्लेदाराला म्हणाली, "मला कोठडीत घाल. दिस कलल्याबिगर दार उघडू नगंस."

"आऊ, तुम्ही कशापायी?" किल्लेदार घाबरला.

"दोनदा मी माणूस हितं धाडला. हितला दिस केवढा असतो, ते मला ठावं न्हाई."

असं म्हणतात, त्या कोठडीच्या भिंती आत राहिलेल्या माणसांचं बोलणं धरून ठेवायच्या. अंधारात आऊला हैबतीचा आवाज ऐकू आला. आधी तो रडत होता, "सुटलो की नांगर धरीन, आईची आण." मग तोच आवाज जाड झाला, हसायला लागला, "सुटलो की घाट हायेच." दार उघडलं तेव्हा आऊचे काळेभोर केस कापसासारखे झाले होते.

ती चिंचेखाली आली. म्हातारे पाटील म्हणाले, "आऊ, आधीच्या दोन लुटीबी धरा."

"त्या त्यानं भोगल्या. एका गुन्ह्याची शिक्षा दोनदा देता येत न्हाई," आऊ म्हणाली. "पर दोनदा सोडूनबी ह्यो माघारी त्याच वाटंला गेला, हे मी इसरनार न्हाई. पैल्यांदा ह्यो सुटून आला, तवा आपुन ह्याला येशीत घेतलं न्हाई. ते आपल्या पदरात. दुसऱ्यांदा जमीन दिली, बैल दिला, तरी ह्यानं माणूस मारला. ते ह्याच्या पदरात. कडेलोट न्हाई. दोन तपं गडावर. गोंदानं घाट निवांत चढावा. आन् दोन तपं सरली की एक दिसबी जास्ती ठिवायचा न्हाई. हा माझा शबूद."

कडेलोट ऐकूनही ताठ उभा असलेला हैबती आता मटकन खाली बसला. "आऊ, त्यापरीस कडेलोट बरा!"

"मला ठावं हाय," आऊ म्हणाली.

वर्षं गेली. गोंदा घाटातून बाजारहाट करत राहिली, तिची पोरं मोठी झाली. आऊही एका चैत्रात देवाघरी गेली. दोन तपं सरली, त्या दिवशी नवा किल्लेदार म्हणाला, "आऊच न्हाई, आता शबूद कुणाचा? ऱ्हाऊ दे त्याला आतच." आणि असं म्हणतात, तो बोलायचा अवकाश, दाराचा लोखंडी अडसर आपोआप निसटून खाली पडला. त्याचा आवाज खालच्या गावांनी ऐकला.

हैबती काठी टेकत उतरला. वेशीवर लोक दगड घेऊन उभे होते. त्यांच्यातून म्हातारी गोंदा पुढं आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. लोकांना म्हणाली, "भोगून झालं त्याचं. वाट द्या."

दगड खाली पडले. गोंदा घरी गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

अजून घारगडाखाली कुणी तुरुंगातून सुटून आलं, की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई वेशीवर जाते, भिवराआऊचं नाव घेते आणि म्हणते, "भोगून झालं. वाट द्या." लोक बाजूला होतात. आणि त्यानं ज्या घराचं वाईट केलं, त्या घराचं दार त्या दिवशी बंद असलं, तरी कुणी त्या घराला नावं ठेवत नाही.