भिंतीवरचा अणू

एका गावातल्या पाठशाळेत विसाजी नावाचे म्हातारे गुरुजी एकटेच राहत. बायको नाही, मूल नाही, चुलीवर एका माणसाची भाकरी. आपली म्हणावी अशी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती. भिंतीवरचं अणूचं चित्र.

त्या पाठशाळेची रीतच होती. ज्याचं म्हणणं पुराव्याने खरं ठरे, त्याने आपला अणू गेरूने भिंतीवर काढायचा आणि आधीच्या चित्रावर चुना फिरवायचा. विसाजींच्या गुरूंनी नुसता ठिपका काढला होता. अणू म्हणजे मोहरीसारखा कठीण दाणा, तो फुटायचा नाही, असं ते सांगत. तरुण विसाजींनी दाखवून दिलं, की अणूच्या आतही बारीक कण असतात. ठिपक्यावर चुना फिरवून त्यांनी बियांसकट कलिंगड काढलं. गुरूंनी त्या दिवशी दार लावून घेतलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. विसाजी दर सणाला त्या बंद दाराशी जाऊन उभे राहत आणि तसेच परत येत.

चाळीस वर्षांनी त्यांची शिष्या सगुणा आली आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळली.

"बोल की! पाय का अडखळतो?"

"गुरुजी, सोन्याच्या वर्खावर मी सूक्ष्म कणांचा मारा केला. बहुतेक आरपार गेले. पण मोजके उलटे फिरले. आत कलिंगडासारखा मऊ गर असता तर..."

"एकही उलटा फिरला नसता," गुरुजी म्हणाले.

त्यांना फार राग आला. हात कडीवर गेला. मग आपण स्वतः दाराच्या कुठल्या बाजूला उभे राहिलो होतो, ते त्यांना आठवलं.

चुना कालवायलाही ते थांबले नाहीत. ओलं फडकं घेऊन आपलं कलिंगड खसाखसा पुसू लागले. गेरूबरोबर खालचा जुना चुनाही निघाला आणि गुरूंचा ठिपका वर आला.

सगुणा पुढे झाली. "गुरुजी, मला मधोमध हाच हवा होता! इवलासा, कठीण. पार कडेला फिरते कण आणि बाकी सगळी पोकळी."

"एवढी पोकळी? मग माझं घर अणूच म्हणायचं," विसाजी हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ठिपक्यावर बोट ठेवून ते आपल्या गेलेल्या गुरूंना म्हणाले, "तुमचं अगदीच चुकलं नव्हतं हो. पण हे ऐकायला तुम्ही नाही."

मग त्यांनी गेरूची वाटी तिच्या हाती दिली. "काढ. उद्या तुझ्याही चित्रावर कुणी फडकं घेऊन येईल. तेव्हा दार लावू नकोस, पोरी."

तात्पर्य: ज्ञान एका हाताने पुरं होत नाही. आपली चूक दाखवणाऱ्याला दार लावलं, तर चूक घरात राहते आणि माणूस एकटा पडतो.