दोन भिडस्तांची तिफण

एका गावात एक सुतार राहत होता. त्याचं नाव नारबा. हाताचा चोख, पण स्वभावाने अतिशय भिडस्त. समोरच्याला वाईट वाटेल या धास्तीने त्याच्या मनातलं ‘नाही’ ओठांपर्यंत येई आणि तिथूनच मागे फिरे. गावात भिडस्त हा शब्द दोन तऱ्हांनी ऐकू येई. ज्याला खाट फुकट ठोकून हवी असे तो म्हणे, “नारबा म्हणजे फार भिडस्त माणूस हो,” आणि आवाजात साखर घोळलेली असे. नारबाची बायको गजराबाई तोच शब्द उच्चारी तेव्हा हातातलं भांडं आपटलेलं असे.

शेजारच्या वाडीचं सुतारकामही नारबाकडेच होतं. त्या वाडीत तुळाजी नावाचा शेतकरी राहत होता. तोही भिडस्त, आणि नारबाहून सरस. पाऊस उघडला, जमिनीला वाफसा आला. पेरणीजोगी ओल काही फार दिवस टिकत नाही, म्हणून तुळाजी सकाळीच आपली दुरुस्तीला टाकलेली बी पेरायची तिफण न्यायला आला. तिफण तयार होती. भिंतीला टेकून उभीच होती.

नारबा रीतीप्रमाणे म्हणाला, जेवूनच जा. तुळाजी रीतीप्रमाणे नको म्हणाला. नारबाने पुन्हा आग्रह केला, कारण एकदाच विचारणं बरं दिसत नाही. तुळाजी बसला, कारण आग्रह मोडणं बरं दिसत नाही. जेवण झाल्यावर नारबा म्हणाला, उन्हात कशाला, थोडं पडा. संध्याकाळी म्हणाला, आता अंधारात कुठे जाता. दुसऱ्या दिवशी न्याहारी निघाली, मग पुन्हा जेवण, मग पुन्हा ऊन. तिसरा दिवसही तसाच गेला. बसल्या जागेवरून दोघेही तिफणीकडे बघत आणि पुन्हा हवापाण्यावर बोलू लागत.

इकडे तुळाजीच्या शेतातली ओल उडत चालली होती. तिकडे गावातले शेतकरी आपापल्या तिफणींसाठी खेपा घालत होते. पण पाहुण्याला एकटं टाकून कामाला कसं बसायचं, म्हणून नारबाचा लाकूड तासायच्या वाकसाला हात लागत नव्हता.

शेवटी तुळाजीने गजराबाईला गोठ्याशी गाठलं आणि वाफसा चालल्याचं रडू सांगितलं. “पण मालकांचा जीव गुंतलाय माझ्यात,” तो म्हणाला. “त्यांचं मन कसं मोडू, वयनी?” ती घरात आली तर चुलीपाशी नारबा बसलेला. पाहुणे काही हलत नाहीत, कामं तुंबली, पण जा कसं म्हणायचं, हे त्याचं रडू.

गजराबाईने दोघांना समोरासमोर पाटावर बसवलं. गरम भाकरी आणि भरली वांगी मधोमध ठेवली आणि ताटं मात्र रिकामी ठेवली.

“दोघांनी मला येगळं येगळं सांगितलं ते आता एकमेकाला सांगा,” ती म्हणाली. “मग वाढते.”

नारबा म्हणाला, आधी पाहुण्यांनी. तुळाजी म्हणाला, छे, आधी घरधन्यांनी. मग दोघेही म्हणाले की तशी काही घाई नाही. वांग्याचा वास घरभर फिरत राहिला. दोघे कितीही भिडस्त असले तरी त्यांची पोटं भिडस्त नव्हती. तुळाजीचं पोट सगळ्यांना ऐकू जाईल इतकं गुरगुरलं, आणि त्या भुकेच्या भरात तो बोलून गेला.

“मला घरी जायचंय.”

“जा,” नारबा म्हणाला, आणि इतक्या चटकन म्हणाला की त्याचा तोच दचकला.

मग दोघे असे हसले की गजराबाईला वाढायला थांबावं लागलं. जेवण उरकून तुळाजीने तिफण खांद्यावर घेतली. नारबाने सवयीने ‘थोडं पडा’ म्हणायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं.

पण तोवर उशीर झाला होता. तुळाजीचं वरचं रान वाळून गेलं होतं. खालच्या खोलगट तुकड्यात तेवढी ज्वारी उगवली. सुगीला पीक निम्मं आलं, आणि पीक निम्मं म्हणून सुताराच्या वाट्याचं बलुतंही निम्मंच आलं. जो आग्रह नारबाने मनापासून केलाच नव्हता, तो दोघांनाही चांगलाच महाग पडला.

बलुत्याची ज्वारी घेऊन तुळाजी दारात आला. नारबाने जरा घाबरतच विचारलं, “जेवता का?”

तुळाजीने घाम पुसला. “जेवतो. भूक लागलीय. पण हात धुतले की निघणार.”

“निघाच,” नारबा म्हणाला. “मलाबी काम हाय.”

आत गजराबाईने त्या दिवशी भांडं अगदी अलगद ठेवलं.

तात्पर्य: भिडेपोटी दिलेला होकार ना देणाऱ्याच्या उपयोगी पडतो, ना घेणाऱ्याच्या, म्हणून मनात ‘नाही’ असेल तर ते गोड शब्दांत, पण वेळेवर सांगावे.