कशावरून?

"कशावरून म्हणतेस, मूल आजारी आहे?"

विश्वंभरानं पुन्हा विचारलं.

ठकू बैलगाडीत तशीच बसून राहिली. पदराखाली तिची मुलगी होती, वर्षाचीही झाली नव्हती. खालच्या वस्तीवरून ठकू एकटीच मठाचा चढ चढून आली होती आणि कुणाला न विचारता गाडीत चढली होती.

गाडी जुंपली होती ती विश्वंभरासाठी. घाटाखाली आज वादसभा होती आणि मठातला सर्वांत हुशार शिष्य तोच. वैद्य राहायचा उलट्या वाटेला, घाटापलीकडं. गाडी एकच.

मठाची एक रीत होती. काही म्हणायचं तर आधी त्याचा हेतू, म्हणजे कारण, सांगायचं, मग उदाहरण द्यायचं. धूर दिसतो म्हणून विस्तव आहे, जसा चुलीत. ज्याला हे जमलं नाही त्यानं वहाणा हातात घेऊन पायऱ्या उतरायच्या.

"अंग गरम नाही, मी हात लावून पाहिला," विश्वंभर म्हणाला. "दूध प्यायली. हसलीसुद्धा. मग कशावरून?"

"उगाच."

"उगाच म्हणजे हेतू नाही."

"आतनं वाटतंय."

"ह्याला भ्रम म्हणतात."

"सकाळपासनं तिला खाली ठेववत नाही मला."

"ही झाली अटकळ."

"मन खातंय, महाराज. हसली ती, पण… ते तिचं हसणं नव्हतं."

"हे तर निव्वळ तर्कट."

"असेल. नावं ठेवून झाली की बैल हाका."

वडाच्या पारावर मठाचे गुरू हंसगिरी बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. विश्वंभर त्यांच्याकडं वळला.

"बाबा, रीत सगळ्यांना एकच ना? हिला सांगा, वहाणा हातात घे आणि उतर."

"अनवाणी आलीय ती," बाबा म्हणाले.

त्यांनी आणखी एक शेंग फोडली.

"सभेत जिंकशील?" बाबांनी विचारलं.

"जिंकेन."

"समोर कोण आहे?"

"ते तिथं गेल्यावर कळेल."

"विषय?"

"तोही तिथंच देतात."

"मग कशावरून?"



"मला खात्री आहे, बाबा."

"ह्यांना वाटलं की ती खात्री," गाडीतून ठकू म्हणाली. "मला वाटलं की ते तर्कट."

बाबा उठले. धोतरावरची टरफलं झटकली. गाडीतलं विश्वंभराच्या पोथ्यांचं गाठोडं उचललं, पारावर ठेवलं. खांद्यावरची घोंगडी काढून गाडीत अंथरली.

विश्वंभर पुढं झाला आणि त्यानं बैलाची वेसण धरली.

"आणि वैद्य म्हणाला, मूल ठणठणीत आहे, तर? सगळ्यांसमोर खोटी पडेल ही. माझी सभाही गेली, वर मठाचं हसं."

"पडू दे की खोटी." ठकूची नजर खाली गेली नाही. "त्या वैद्यानं मला वेडी म्हणावं. दारातनं हाकलून द्यावं. पोर खरंच ठणठणीत निघाली ना महाराज, तर आनंदानं जन्मभर तुमच्या मठाचं अंगण सारवीन. वेसण सोडा."

विश्वंभरानं सोडली नाही. त्यानं बाबांकडं पाहिलं.

बाबा गाडीवर चढून बसले होते. कासरा त्यांच्या हातात होता.

"अरे, जी हरायलाच निघालीय," ते म्हणाले, "तिला तू कसा हरवणार?"