नववा प्रश्न

"आणि नववा प्रश्न कसा विचारलास?"

शार्दूल गोंधळला. मानसोपचार शिकणारा, परीक्षेत पहिला आलेला तरुण डॉक्टर. त्यानं भरलेला, नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांचा फॉर्म वरिष्ठ तांबोळी मॅडमनी असा कधी अडवून ठेवला नव्हता.

"मनात काही वेडंवाकडं येतं का, असं विचारलं."

"दीक्षा काय म्हणाली?"

"नाही. नऊही प्रश्नांना 'नाही'च. आईला बाहेर बसवूनच विचारलं, मॅडम. धोका कमी आहे. सही केलीत तर..."

दीक्षा बाहेरच्या बाकावर होती. पंधरा वर्षांची. तिनं आपल्या सगळ्या वह्या, कंपासपेटीसुद्धा, मैत्रिणींना वाटून टाकल्या होत्या. म्हणून शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी देऊन इथं रुग्णालयात पाठवलं होतं.

तिची आई दारातून डोकावली. "सायेब, सव्वातीनची एसटी घावंल का? मग एकदम सांजंलाच हाय."

"दोन मिनिटं," शार्दूल म्हणाला. आई गेली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"आता मीच दीक्षा. विचार."

"मनात काही वेडंवाकडं..."

"म्हणजे काय, डॉक्टर?"

"म्हणजे... स्वतःला काही करून घ्यायचं..."

"काय करून घ्यायचं?"

शार्दूलनं मान खाली घातली. "कोवळं वय आहे, मॅडम. मी तो शब्द काढला आणि नसलेला विचार तिच्या डोक्यात गेला तर?"

"आणि ती हो म्हणाली तर?"

त्यानं फॉर्मवरचा नववा प्रश्न पुन्हा वाचला.

"पहिला नंबर ना तुझा? विचार."

"तुम्हाला..." त्यानं मान वर केली. "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"अकरावीत वाटायचं. वर्षभर." हा आवाज दीक्षाचा नव्हता. "जेवलीस का, अभ्यास झाला का, सगळे विचारायचे. हे विचारणारा तू पहिला."

शार्दूल उठला. फॉर्म टेबलावरच राहिला.

बाक रिकामा होता.

तो धावला. मायलेकी फाटकापाशी सापडल्या. आईला वाटलं होतं, झालं सगळं. तिला तिथंच थांबवून तो दीक्षाला झाडाखाली घेऊन गेला.

"दीक्षा, मघाशी मी नीट विचारलं नाही. तुला जीव द्यावासा वाटतो का?"

तिनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.



तो थांबला.

"हो."

"कधीपासून? सांग. मी ऐकतोय."

ती बोलू लागली. अगदी हळू.

रस्त्याच्या वळणावर हॉर्न वाजला. "दीक्षे, चल गं! आली बघ गाडी!" आई हात करत पुढं निघाली.

शार्दूलनं मागं पाहिलं. मॅडम त्याच्यामागोमाग फाटकाशी आल्या होत्या. त्यांनी आईच्या हातातली पिशवी अलगद काढून घेतली.

"जाऊ द्या ती गाडी, ताई."