भागोजीचं फाटक

“मग सिनेमात दाखवलंय तेच खरं मानायचं का, बाबा?”

रंगरावानं विचारलं. नूरशा फकीर लिंबाखाली गोधडीला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

रंगरावाचा बाप भागोजी कापसाच्या जिनिंगवर राखणदार होता. दरोडा पडला, त्यात तो गेला. पुढं त्यावर सिनेमा निघाला, गाजला. त्यात राखणदार सोन्याच्या कड्यापायी दरोडेखोरांना फाटक उघडून देतो. अजूनही बाया रंगरावाच्या सुनेला विचारायच्या, “आजेसासऱ्याचं कडं कुठं पुरलंय गं?”

उद्या उरुसात तोच सिनेमा लागणार होता. त्याआधी बाबांनी उठून चार शब्द सांगावेत, एवढंच रंगरावाचं मागणं. त्या रात्री फाटकाजवळच्या पडवीत बाबाच मुक्कामाला होते. दुसरा साक्षीदार उरला नव्हता.

“काय सांगू?”

“खरं ते. माझ्या बापानं, आबानं फाटक उघडलंच नाही. ते तोडून आत घुसले. आबा कुऱ्हाड घेऊन आडवा झाला...”

रंगराव सांगत सुटला. आबानं दोघांना लोळवलं, मरतानाही किल्ल्या छातीशी धरल्या... पारावर, सोयऱ्याधायऱ्यांत तो हे कायम असंच सांगत आला होता.

फकिरांची सुई थांबली.

“कुऱ्हाड नव्हती, रंगू. फाटक त्यानंच उघडलं.”

रंगराव ताडकन उठला. ज्याच्या पायाशी आजवर बसलो, त्यानंही बापाला चोरांत बसवलं... तो वहाणा शोधू लागला.

“बाहेरून कुणी पाणी मागत होतं,” फकीर सावकाश म्हणाले. “मी म्हटलं, रात्र आहे, राहू दे. तो म्हणाला, तहानेला रात्र कळते होय? तांब्या भरला नि कडी काढली.”

“इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तू सांगत होतास. मी ऐकत होतो.”

रंगराव पुन्हा खाली बसला. मग तो अजिजीनं म्हणाला, की लोकांना पाणीबिणी कळायचं नाही. उघडलं ना शेवटी, म्हणून हसतील. तेव्हा बाबांनी, उघडलं नाही, एवढंच सांगावं.

फकिरांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण पकड अशी की रंगरावाला कळ आली. बाबांना रागावलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“सिनेमावाल्यांनी त्याच्या हातात कडं घातलं. तू त्याच्या हातातला तांब्या काढून घेतोयस.”