गाडीवानाला साक्षीदार हवा!

मानाजीराजाची मिठाची तिसरी गाडी घाटातून दरीत कोसळली आणि राजाचा पारा चढला!

गाडीवान उडी मारून वाचला होता, पण त्याच्या तोंडाला ताडीचा भपका येत होता.

"या दारुड्याला नोकरीवर घेतलं कुणी?" राजा गरजला.

कारभारी चाचरत म्हणाला, "माणूस चांगला आहे असा शब्द बाबू नालबंदानं दिला होता, महाराज."

बाबू म्हणजे गावच्या बैलांना नाल ठोकणारा भोळा म्हातारा. कुणी दोन शब्द गोड बोललं, की हा त्याच्यासाठी शब्द टाकून मोकळा! शिपायांनी त्याला उचलून कोठडीत टाकलं.

त्याची लेक जैतून तडक दरबारात आली. "महाराज, माझे अब्बा भोळे आहेत, लबाड नाहीत. त्यांना सोडा!"

"सोडतो की!" राजा मिशीत हसला. "बाहेर तीन नवे गाडीवान नोकरी मागायला आलेत. प्रत्येकाचा साक्षीदार आण. साक्षीदार असा हवा, की जो गाडीवानाच्या प्रत्येक खेपेला हजर होता. सोयरा नको, लाचखाऊ नको, आणि जन्मात एकदाही खोटं बोललेला नको! नाहीतर बाप आत."

दरबार खो खो हसला. असा माणूस आणायचा कुठून?

जैतून बाहेर आली. गाडीवान आपापल्या मेव्हण्या-साडूंकडून स्वतःची तारीफ करवून घेत होते. जुंपलेले बैल शांतपणे रवंथ करत होते. जैतूननं एकदा बैलांकडे पाहिलं आणि तशीच मागे फिरली.

"महाराज, साक्षीदार दारातच उभे आहेत. सहाच्या सहा!"

"तिघांचे सहा?"

"जोडीनं राबतात ते. बैल!"

"अगं, बैल कधी बोलतात का?"

"म्हणून तर खोटं बोलत नाहीत! आणि पेंड खातात, लाच नाही. गाडीवानांनी कासऱ्याला हात लावायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. बैल नेतील तिकडे जायचं!"

राजा घोड्यावर बसला. वरात निघाली.

पहिल्या गाडीचे बैल बाजारातून वळले ते थेट ताडीच्या गुत्त्यासमोर थांबले. नुसते थांबले नाहीत, चक्क खाली बसले! इथे वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसरी जोडी एका घराच्या परसात शिरली. आतून गाडीवानाचा मेव्हणा धावत आला. "दाजी, आज मालकाची किती पोती उतरवायची?" समोर राजा पाहून त्याची बोबडीच वळली.

तिसरा गाडीवान सटवा. अंगात ठिगळांची बंडी, शिफारस करायला एक माणूस नाही. त्याचे बैल गावाबाहेर घाटाच्या तोंडाशी गेले आणि विहिरीजवळ उभे राहिले.

"इथे काय?" राजानं विचारलं.

"उतार लागायच्या आधी यांना पाणी पाजतो अन् चाकं तपासतो, सरकार," सटवा म्हणाला. तोवर एका बैलानं पाण्यासाठी त्याला ढुशीही दिली.

"हाच ठेवा!" जैतून म्हणाली.

पण राजा पडला हट्टी! "हा योगायोग! माझा घोडा बघ. लगाम सोडतो. तो माझी एक तरी खोड दाखवू दे, मग मानतो!"

लगाम सुटला. घोडा दुडक्या चालीनं गावात शिरला, मागच्या बोळात वळला आणि हलवायाच्या खिडकीशी थांबला. हलवायानं वर न बघताच पानावर गरम जिलेबी बाहेर सरकवली. "घ्या सरकार, नेहमीची! राणीसाहेबांना कळायचं नाही!"

कारभारी आभाळाकडे बघू लागला.

राजा लालबुंद झाला. "हा घोडा फितूर निघाला!"

"फितूर कसला, महाराज?" जैतून म्हणाली. "इमानी आहे बिचारा! आपण तोंडानं सांगाल तिकडे सगळेच नेतात. हा आपल्या मनात असेल तिकडे नेतो!"

राजा असा गडगडाटी हसला, की हातातली जिलेबी घोड्याच्या मानेवर सांडली!

बाबू नालबंद त्याच घटकेला सुटला. सटव्याला मिठाच्या गाडीवर नेमलं. जैतूनला राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं आणि हुकूम सोडला, "आजपासून राज्यातला प्रत्येक गाडीवान ही पोर पारखणार!"