धूळ वाचणारी गवराबाई

शेठने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सूतगिरणीला कुलूप लागलं. थकलेल्या पगारासाठी दावा लावायची मुदत आज संपत होती. म्हणून गिरणीत जन्मभर झाडलोट केलेली गवराबाई दाव्यावर लिहायला शेठच्या फाईलचा नंबर काढायला कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली.

"नंबर माहीत नाही? मग शोधा या तीनशे गाठोड्यांत!" कारकून खेकसला. "वर्षभर कुणी हात लावलेला नाही. आणि बाई, तुम्हाला वाचता तरी येतं का?"

गवराबाईने फडताळांवरून नजर फिरवली आणि एका गाठोड्यावर बोट ठेवलं.

"अक्षर नाही येत, साहेब, धूळ येते. सगळ्यांवर बोटभर साचलीय, एवढं एकच स्वच्छ आहे. शेठचा वकील काल इथं येऊन गेला, ते अख्ख्या गिरणीला ठाऊक आहे."

कारकुनाने गाठ सोडली. वरच शेठचं नाव होतं.

"आता नंबर तेवढा तुम्ही वाचा," गवराबाई म्हणाली.